अण्णांना रोमन व्हायचं होतं

पुतळ्यांवरून आठवलं, आमच्या पनवेलच्या अण्णांना जिवंतपणीच शाळेत स्वतःचा पुतळा हवा होता. मिठागरं त्यांची, शाळाही त्यांचीच. मी तिथला ड्रॉइंग मास्तर, परीक्षेसाठी ग्रीक-रोमन शिल्पकला वाचत होतो. त्यांना सांगून बसलो, की ग्रीकांनी माणसं देखणी घडवली आणि पुढे रोमनांनी होती तशी.

"रोमन म्हणजे राज्यकर्ते ना? मग मला रोमनच करा."

केलं. टक्कल, दुहेरी हनुवटी, गालावरची चामखीळ, सगळं आलं.

अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमचा अभ्यास कच्चा आहे. ग्रीक करा."

नोकरी टिकवायची होती, तेही केलं. कुरळे केस, सरळ नाक.

अनावरणाला अण्णांच्या बायकोनं पुतळ्याला हार घातला आणि मला हळूच विचारलं, "छान आहे हो. पण आमच्या ह्यांचा कधी बसवणार?"