शेटलँडवरची वरात

त्र्याण्णव साली माझ्या वरातीची घोडी भेस्तानच्या नाक्यावर फटाक्यांना बिचकून पळाली. मुहूर्त तर तोंडावर आलेला.

मी ज्या पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला, तिथल्या शेठनं नातवासाठी विलायती शेटलँड तट्टू आणलं होतं. कमरेएवढंच, पण कापडाच्या ताग्यांची गाडीही ओढायचं. मामा म्हणाला, "यालाच सजवा. दिवसभर लूमचा खडखडाट ऐकतं, बँडला काय भिणार?"

खरंच भ्यालं नाही. माझे पाय जमिनीला टेकत होते, एवढंच. मांडवाशी बँड थांबला, तसं ते मला घेऊन उलटं खात्याकडे निघालं.

मामा ओरडला, "बँड वाजवा रे. लूम थांबले की याची चाऱ्याची वेळ होते."

बँड वाजला, तट्टू वळलं, लग्न लागलं.

अजूनही लाइट जाऊन लूम थांबले की मी जेवायला घरी येतो. बायको ताट वाढत म्हणते, "आलं माझं तट्टू."