दोन मॅच हरून पहिला नंबर

...आणि वर मलाच म्हणतात, "व्हर्न, पोटच्या पोरीच्या लग्नात बिब्बा घातलास!" मी? अहो, मी काय केलं? बिब्बा घातला तो त्या आकड्यांनी! तुम्हाला सांगतो, दोनच मॅच झाल्या होत्या... दोन मॅच हो, फक्त दोन! सीझनचं दूध अजून कोमटही झालं नव्हतं, आणि हे साय मोजायला बसले!

आता आमच्या ईरी गावात लग्नं कधी होतात? जानेवारीत. सगळी! बाहेर कमरेएवढं बर्फ, नवरी मोज्यांवर मोजे चढवून उभी, दातावर दात वाजतायत, पण तारीख पक्की. कारण शरद ऋतूतल्या रविवारी फुटबॉल असतो, चेंडू बगलेत मारून पळायचा तो आमचा अमेरिकन फुटबॉल, तेव्हा लग्न ठेवलं तर नवरदेवसुद्धा येणार नाही. जानेवारीत बाद फेरी असते, पण ती लोकांची! आमच्या टीमला जानेवारी ठाऊकच नाही. हॉलवाला विचारतो, "रविवार चालेल ना?" की आपण छाती फुगवून सांगायचं, "न चालायला काय झालं? आमची टीम आहे!"

तशी आमच्या केल्सीची तारीख ठरली. जानेवारीचा दुसरा रविवार. मुलगा ग्रेसन, विमा कंपनीत, कोण कधी मरेल याचा हिशेब करतो. गुणी पोरगा, पण हसतो तोही टक्केवारीत.

सीझन सुरू झाला. पहिली मॅच एका गुणाने हरलो, शेवटची किक खांबावर आपटली. दुसरीत आमचा गडी एकटा सुटला, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि या महाभागाने शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडेच चेंडू टाकला आणि नाचायला लागला! हरलो. आम्ही सॉसेज खाल्ली, शेगडी विझवली, घरी आलो. नेहमीचंच.

मंगळवारी सकाळी शेजारच्या चक पावलाकचा फोन. "व्हर्न, उभा आहेस का? बस आधी."

म्हटलं, गेलं कुणीतरी. "कोण रे?"

"आपण पहिले!"

"कशात?"

"कॉम्प्युटर काढतो त्या ताकदीच्या यादीत! बत्तीस टीममध्ये पहिले!"

"चक, लेका, फोन उलटा धरलायस."

"मलाही तेच वाटलं रे! सरळ केला, उलटा केला, चष्मा पुसला... पहिलेच!"

माझ्या हातातलं अंडं गळून पडलं. अहो, दोन मॅच हो, फक्त दोन... आणि त्याही हरलेल्या! मी ग्रेसनला फोन लावला. तो एकदम शांत. "सर, जिंकणं-हरणं हा नुसता गोंगाट असतो. यंत्र खरी ताकद मोजतं. तुम्ही हरलात ते दुर्दैवाने."

म्हटलं, "बाळा, आमचं दुर्दैव चाळीस वर्षं न चुकता येतंय, त्याला दुर्दैव नाही म्हणत, वेळापत्रक म्हणतात!"

"नाही सर. यंत्राच्या मते जानेवारीत तुम्ही खेळणार, हे जवळजवळ नक्कीच आहे."

आणि मग... पलीकडून बारीक आवाज आला, "सर... जानेवारीत म्हणजे कितव्या रविवारी?"

झालं! दुपारपर्यंत फोनची रांग. माझा मेव्हणा स्टॅश म्हणतो, "भावजी, यायचं तर आहेच, पण हॉलमध्ये टीव्ही केवढा आहे?" चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला तर चार महिने आधीच सर्दी झाली. आणि फादर कॅसिमिर, जे देवाचं बोलावणं आलं तरी मॅच संपेपर्यंत थांबवून ठेवतील, ते म्हणतात, "व्हर्न, मी देवाचा माणूस आहे. पण सीझनचं तिकीटही मला देवानेच दिलंय."

बायको लोरेटा लाटणं आपटून ओरडतेय, "हरलेत ते! दोन्ही मॅच हरलेत!"

"अगं, पण दुर्दैवाने हरलेत!"

आणि केल्सी पायरीवर बसून रडतेय, "डॅड, मी काय रिकाम्या खुर्च्यांसमोर लग्न करू?"

बापाचं काळीज आहे हो! म्हटलं, मुळीच नाही. कॅलेंडर काढलं. प्रत्येक टीमला सीझनमध्ये एक आठवडा सुट्टी असते, आमची ऑक्टोबरमध्ये. तोच एक निर्धोक रविवार! मग काय, अर्धा शिवलेला झगा टाचण्या लावून उभा केला, लोरेटाने इतक्या पिएरोगी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्या, केल्या की गावाबाहेरच्या सरोवराला पिठाचा पांढरा तवंग आला... खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. मधल्या मॅचही हरलो, तुम्हाला सांगतो, सगळ्या हरलो... दुर्दैवाने! नंबर मात्र जागचा हलला नाही.

सुट्टीचा रविवार उजाडला. चर्च गच्च भरलेलं. फादरनी विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत?"

मागच्या रांगेतून फोनमध्ये बघत चक किंचाळला, "अरे देवा! एकोणिसावे!"

अख्खं चर्च मागे वळलं. फादरही! अहो, आम्ही खेळलोच नव्हतो! आमचे गडी घरी बसून पाय शेकत होते! न खेळता अठरा पायऱ्या खाली?

ग्रेसन वेदीसमोरून वळून मला समजावतोय, "सर, त्याचं असं आहे, इतर टीमचे नवे आकडे आत आले की..."

"ग्रेसन," केल्सी म्हणाली, "आधी हो म्हण!"

म्हणाला बिचारा. लग्न झालं, खुर्च्या भरलेल्या होत्या, पोरगी हसली, आणखी काय पाहिजे? पण खरं सांगू, ते "एकोणिसावे" ऐकल्यावर गावाने जो सुस्कारा सोडला ना... सगळ्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आता जानेवारी मोकळाच आहे, म्हणून लोरेटाने त्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून टाकलंय. डॉक्टर विचारत होते, "नीट बघा हां व्हर्न, मध्येच तुमची मॅच वगैरे निघायची."

म्हटलं, "डॉक्टर, आम्ही सुट्टीतसुद्धा हरणारी माणसं... बिनधास्त कापा!"