टपाल खर्च वेगळा

माझं सगळं ज्या घटकेला बदललं, ती घटका मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वीची एक दुपार. सौंसरला गुरुजींचा ओटा. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची व्ही.पी. आहे. पैसे भरा आणि सोडवून घ्या." त्या वेळी मी इथं पांढुर्ण्यात होतो. आरशापुढं उभा राहून भांग पाडत होतो.

माफ करा. शोकसभेत असं सुरू करायचं नसतं, एवढं मलाही कळतं. नानी, गुरुजी, समोर बसलेल्या सगळ्या मंडळींनो, बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही, सरळ उठून आलो. अशा ठिकाणी बोलायला वय लागतं, निदान एखादी डिग्री तरी लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. नागपूरचं कॉलेज मी अर्ध्यातून सोडलं, तेही एका सरांशी भांडून.

पण माझ्या आधी गुरुजी बोलले. फार मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "नानाजींच्या हातून एकच चूक झाली, आणि ती मी आज मनातून काढून टाकली." ते ऐकल्यावर मला खाली बसवेना.

गुरुजी, ती चूक नानाजींची नव्हती.

सांगतो. सगळं सांगतो. पण आधी नानाजींचं थोडं सांगू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरात नानाजींनी मागवून दिलेली एक तरी वस्तू आहे. कोणाकडे लुधियान्याचं स्वेटर, कोणाकडे दिल्लीचा टॉर्च, कोणाकडे पुण्याची पुस्तकं. आपल्या पांढुर्ण्याच्या बाजारात जे मिळत नाही, ते पेपरातल्या जाहिरातीत मिळतं. आणि त्या जाहिरातीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तीन शब्द ठरलेले असतात. 'टपाल खर्च वेगळा.'

नानाजी जाहिरात खालून वाचायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेलो तो घड्याळासाठी. जाहिरात पुढं केली. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय लिवलं हाये खाली?"

"टपाल खर्च वेगळा."

"अन् त्याच्या खाली?"

त्याच्याही खाली एक ओळ होती. मला दिसलीच नव्हती. मोठी मागणी असेल तर टपाल खर्च माफ.

"वरचं त्यानं त्याच्यासाठी लिवलं," नानाजी म्हणाले, "हे खालचं तुह्यासाठी हाये. थांब थोडा. सोबत मिळू दे."

"किती दिवस थांबू?"

"पंधरा दिवस, महिना. काहून, घड्याळ नाही तं सूर्य उगवून नाही राह्यला काय?"

सोबत. हा त्यांचा शब्द. रेल्वेत पार्सल बाबू होते, तेव्हापासूनचा. संत्र्याच्या हंगामात एखादा बागवाला दहा-पंधरा पेट्या घेऊन स्टेशनवर यायचा. नानाजी त्याला बसवून ठेवायचे, चहा पाजायचे आणि विचारायचे, अजून कोण येऊन राह्यलं? अर्धा डबा गेला काय आणि भरून गेला काय, भाडं तेच. मग चौघांच्या पेट्या एकाच डब्यात. रिटायर झाल्यावर त्यांनी तेच टपालाला लावलं. ज्याला जे पाहिजे त्याची चिठ्ठी लिहून द्यायची. एका दुकानाच्या पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की एकच मागणी, एकच पार्सल. आणि पार्सल आलं की सगळ्यांच्या देखत फोडायचं. त्यांनी स्वतःसाठी कधी एक पैसा घेतला नाही, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय.

नानी कालच म्हणाल्या, "मले वाटे, हे वर जातानीही सोबती जमेस्तोवर थांबतीन." नानी, हे एकदाच ते थांबले नाहीत.

कॉलेज सोडून मी परत आलो तेव्हा घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मीही सगळ्यांवर चिडलेला. नानाजींनी विचारलंही नाही, काहून सोडलं म्हणून. एवढंच म्हणाले, "लिवता येते ना? मंग बस. माह्या डोयाले आता दिसत नाही." त्या दिवसापासून मागण्या मी लिहायला लागलो. पांढुर्ण्याच्या, लोधीखेड्याच्या, रामाकोन्याच्या. आणि सौंसरच्या.

सौंसरची यादी बसच्या कंडक्टरसोबत यायची. ती गुरुजींची मोठी मुलगी लिहीत असे.

गुरुजी, आता मी जे बोलतो ते ऐकून तुम्ही उठून जाल. जा, पण पूर्ण ऐकून जा. मी त्या अक्षराच्या प्रेमात पडलो. तुमच्या मुलीशी मी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. पत्र लिहिलेलं नाही. जामसांवलीच्या देवळात एकदा लांबून पाहिलं, बस. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. हे मी चार माणसांत सांगतो आहे, ते याचसाठी, की उद्या कोणी तिच्याकडे बोट दाखवू नये.

त्या यादीत दर वेळी एक ओळ खोडलेली असायची. आधी लिहिलेली, मग एका रेघेनं खोडलेली. 'शब्दकोश, इंग्रजी-मराठी, मोठा.' मी नानाजींना विचारलं, लिहिते आणि खोडते कशाला?

"वजनदार हाये तो," नानाजी म्हणाले. "पुस्तकवाला टपाल माफ करते, पन ठरल्या वजनापर्यंत. हा एक टाकला तं सगळ्याइवर खर्च बसते. पोरगी समजदार हाये. आपला भार दुसऱ्याइवर टाकत नाही. पुढच्या खेपेले बाकीच्याइचं कमी असलं तं बसवू त्यात."

पुढची खेप. म्हणजे अजून महिना. तेवढं मला थांबवेना. ती परीक्षेला बसणार, तिला आज पुस्तक पाहिजे, आणि मी महिनाभर चिठ्ठ्या मोजत बसू? माझं डोकं फिरलं. नानाजींचं नाव छापलेलं मागणीचं एक कार्ड घेतलं आणि लिहून टाकलं. शब्दकोश, मोठा, एक प्रत. पाठवण्याचा पत्ता, गुरुजींचा.

पैसे माझे तयार होते. मला वाटलं, मागवणारा मी, तर पैसेही माझ्याकडेच मागतील. आता हसा तुम्ही. मी रोज व्ही.पी. लिहून राहिलो होतो. ज्याच्या दारात पार्सल जातं, पैसे त्याच्याच हातून घेतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नानाजींकडे मागवणारा आणि घेणारा नेहमी एकच. दुसऱ्याच्या दारी काही पाठवायचं डोक्यात घेणारा मी पहिलाच.

गुरुजींनी चार माणसांसमोर पैसे भरले. नानाजींचं नाव पाहून भरले. पुस्तकाचे भरले आणि एकट्या पुस्तकाचा टपाल खर्चही भरला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते इथं आले. पुस्तक ओसरीवर ठेवलं आणि म्हणाले, "नानाजी, न मागवलेली वस्तू गळ्यात मारायचा धंदा तुम्ही कधीपासून सुरू केला? दुकानदार काही देते काय तुम्हाला?"

मी तिथंच बसलो होतो. हातात पेन होता.

नानाजींनी पुस्तक पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना सगळं कळलं. मग गुरुजींना म्हणाले, "चूक माही हाये, गुरुजी. ओय खोडलेली हाये हे मले दिसलं नाही. डोये गेले आता." घरातून पैसे आणून दिले. टपाल खर्चासकट.

गुरुजी गेल्यावर मी उठलो. म्हटलं, मी आत्ता बसस्टँडवर जातो, सांगतो. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पार्सलं उचललेला हात.

"बस खाली. आज सांगशील तं माह्यावरचं उतरंन अन् त्या पोरीवर जाईन. तिची परीक्षा हाये. मले काय होते? लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले दिसत नाही. खरंच तं हाये."

"पण कधी सांगू?"

"तुले समजंन."

मला समजलं नाही. आज करतो, उद्या करतो. तिची परीक्षा झाली, ती पास झाली, रामाकोन्याच्या शाळेत लागली, तरी मला समजलं नाही. सौंसरची यादी त्या दिवसापासून बंद झाली. आणि सौंसर गेलं तशी सोबत कमी पडायला लागली. महिन्यात जमायचं ते तीन-तीन महिने जमेना. लोक कंटाळून चिठ्ठ्या परत मागायला लागले. नानाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. कंडक्टरला मात्र दर वेळी विचारायचे, "सौंसरचं काही हाये काय?" मी खाली मान घालून लिहीत राहायचो.

त्यांना सौंसर परत पाहिजे होतं. ते त्यांना मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे मिळालं नाही. हे मला आज इथं बोलायचं होतं. नानाजींच्या हातून ती एक चूकही झाली नाही, गुरुजी. मनातून काढायचीच असेल, तर माझ्या नावावर घाला आणि मग काढा किंवा ठेवा.

आता एकच मागणं आहे. दुःखाच्या सभेत मागणं करू नये, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. नानाजींच्या टेबलावर पुस्तकांच्या चिठ्ठ्या पडून आहेत. नानींनी काल मला विचारलं, "ह्या जाळू काय रे?" मी म्हटलं, नाही. मी हे बंद पडू देणार नाही. ओसरी तीच राहील, नानींनी हो म्हटलंय. पार्सल सगळ्यांच्या समोर फुटेल, लोधीखेड्याचंही आणि पांढुर्ण्याचंही. आणि गुरुजी, सौंसरनं परत यावं. यादी कोणीही लिहो. तुम्ही लिहा, शाळेच्या शिपायाला लिहायला सांगा. तुम्ही म्हणाल तर सौंसरच्या यादीला मी हातही लावणार नाही, दुसरा कोणी उतरवून घेईल. माझ्यासाठी मागत नाही. त्या यादीवर दहा घरांची मुलं शिकत होती, आणि त्या घरांना एकेकट्यानं टपाल भरणं जमत नाही, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

माझ्यासाठी जे मागायचं आहे ते मी तुमच्या ओट्यावर येऊन मागीन. आज नाही. नोकरी नाही, डिग्री नाही, अशा हातानं नाही. यंदा प्रायव्हेट परीक्षेचा फॉर्म भरतो आहे. तोवर तुम्ही तिचं कुठं जमवलंत, तर मला राग यायचा काही अधिकार नाही. येईल, पण अधिकार नाही.

नानाजी, तुम्ही म्हणाला होता, तुले समजंन. दोन वर्षं लागली. तुमच्या हयातीत समजलं असतं तर बरं झालं असतं.

आता सगळ्यांनी उभं राहावं, आणि दोन मिनिटं गप्प राहून नानाजींना आठवावं. मी तुमच्यात थांबत नाही. मी समोर उभा राहिलो, तर गुरुजींना मौन सुटल्या सुटल्या मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. त्यांनी ते सावकाश द्यावं. आठवड्यानं द्यावं, महिन्यानं द्यावं. कंडक्टरच्या हातून आलं तरी चालेल.

बाहेर कापसाच्या गाड्यांचा गलका चालू आहे, तो आत येईल. मी जातो, आणि जाताना दार ओढून घेतो.