सॅम्पल घरातला फ्रिज

वादळानंतरचा अकरावा दिवस. पोन्से शहरात बर्फाच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या.

"एवढा बर्फ कशाला गं, नेरेइदा?"

"आईच्या इन्सुलिनला. दोन तासांत नुसतं पाणी होतं बघ, ओब्दुलिया."

"अगं, मग टेकडीवर जा ना! बिल्डर अर्सेनियोच्या सॅम्पल घरात फ्रिज चालू आहे."

"स्विमिंग पूलऐवजी ज्याने छपरांवर सौर पॅनल बसवले, तो? आपण वेडा म्हणायचो तो?"

"तोच! गावात दिवा नाही आणि त्याच्याकडे पंखे फिरतायत. फ्रिज उघडला, तर चाळीस जणांचं इन्सुलिन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. देवळात उभं राहावं तशी उभी राहिले मी."

"घेतो काय त्याचं?"

"काही नाही. वर कॉफी देतो. गरम!"

"आणि घरं? वर्षभर एक खपलं नव्हतं ना?"

"औषध ठेवायला गेलेले घर ठरवून येतायत. विसातली एकोणीस गेली."

"उरलेलं?"

"सॅम्पल घर. दुप्पट देतो म्हणाला एकजण. पण गावात वीज येईपर्यंत विकत नाही म्हणे."

नेरेइदाने पायाशी ठेवलेली इन्सुलिनची पेटी उचलली आणि रांग सोडली. तिच्या पाठोपाठ माझ्या मागचे नऊजण.