कुठलं येस

नाही, ते पत्र आधी पर्समध्ये ठेव, तृप्ती. चहा पी, गार होतोय. पाच वर्षांनी कॅप्टन साहेबानं विलायतेतून काय लिहायचं ते लिहिलं — त्याला काय, त्याच्या हातात पेन आहे. मी त्याच्या बोटीवरचा स्वयंपाकी, आता इथं मस्कतला रुवीत हा कॅफेटेरिया, सकाळपासून पराठे नि चहा — माझं कोण ऐकणार? तू ऐकणार? मग ऐक. आणि इंग्रजीत बोललीस तरी चालेल, तुझं मराठी अडखळतंय ते मला दिसतंय. तुझे डॅडी असते तर रागावले असते. 'घरात मराठीच' म्हणायचे ना? माझ्याशी पण मराठीच बोलायचे. एवढा इंजिनियर माणूस, अल् खुवैरला ऑफिस, आणि आमच्या गावच्या, साखरतरच्या बोलीची नक्कल करून मला हसवायचे.

तू तेव्हा बारा-तेराची असशील. कॅप्टन थंडीत इथं पाहुण्यांना शिडाच्या बोटीतून फिरवायचा — तुझे डॅडी शुक्रवारी त्याच्याकडंच शीड शिकायला यायचे. उन्हाळ्यात इथं कोण फिरतंय? म्हणून तो तिकडं जायचा, नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात. तिकडं त्याची दुसरी बोट. सहा पाहुणे — त्या वर्षी त्यांत तुझे डॅडीही — कॅप्टन, त्याच्या हाताखालचा एक गोरा मेट आणि स्वयंपाकाला मी. एकेका खाडीत नांगर टाकायचा, रबरी होडीनं पाहुण्यांना किनाऱ्यावर न्यायचं, डोंगर दाखवायचे, परत आणायचं. अस्वलाची भीती, म्हणून कॅप्टनच्या खांद्याला बंदूक. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. आणि सूर्य बुडतच नाही गं. मगरीबची नमाज कधी पढायची मला कळेना, तर तुझ्या डॅडींनी त्यांचं घड्याळ मस्कतच्या टायमावर ठेवलं. रोज खाली किचनमध्ये यायचे — 'बदरुद्दीनभाई, रुवीत मगरीब झाली, पढा आता.' बौद्ध माणूस, पण एक दिवस चुकले नाहीत. तुझ्यासाठी त्यांना रात्री बाराच्या सूर्याचा फोटो काढायचा होता. काढला होता. तो मिळाला ना तुम्हाला?

बरं. तर त्या दिवशी किनाऱ्यावर मी थर्मास घेऊन चहा वाटत होतो. डॅडी आले, म्हणाले, त्या टेकाडामागं जुनी हाडं पडलीत व्हेल माशाची, दोन फोटो घेऊन येतो, कॅप्टनला सांगा. मराठीतच म्हणाले. मी म्हटलं, सांगतो — आणि पहिल्या फेरीत मला होडीतून बोटीवर धाडलं, जेवण लावायला. मग धुकं आलं. बर्फ वाहत खाडीत शिरायला लागलं, वर पळापळ, दोरखंड ओढतायत, कॅप्टन ओरडतोय. त्यानं जिन्यातून खाली मुंडी घातली नि मला विचारलं — रवी अजून परत आला नाही? इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, येस कॅप्टन. हेच त्यानं पत्रात लिहिलंय ना?

आता तूच सांग, काय चुकलं? 'रवी आला नाही?' — 'हो, आला नाही.' आपण असंच बोलतो ना? मी तर निरोपच दिला. तुझ्या डॅडींनी सांगायला सांगितलं ते मी सांगितलं. पण त्यांच्यात येस म्हणजे आला. तो 'गुड' म्हणून वर गेला. मला वाटलं, मी सांगितलं म्हणून गुड.

मग नांगराची साखळी वाजली. हो, ऐकली मी. माझ्या डोक्यावरच वाजली. मी कांदा चिरत होतो. मला वाटलं, बोट जरा पुढं घेतायत, तिथून उचलतील त्यांना. वर जाऊन विचारायला काय झालं होतं? — तेच तर. माझा बाप तांडेल होता, त्याच्या बोटीवर नांगर उचलताना कोणी तोंड उघडलं की थोबाडीत बसायची. ते अंगात मुरलेलं. दोन तासांनी मी सहा ताटं मांडली आणि पाचच माणसं खाली उतरली. तेव्हा मी ओरडलो. परत फिरलो, पण खाडीचं तोंड बर्फानं बंद. नऊ तास.

मी तुझ्या मम्मीला सांगितलं, माधवीभाभींना, की झोपल्यासारखे होते, शांत. शांतच होते, खोटं नाही. फक्त पँट कमरेपर्यंत गोठून कडक झालेली — काय? नाही, ते... तू ते विचारू नको. ठीक आहे. आता तोंडातून गेलंच. पाण्यात शिरले होते ते. म्हणजे त्यांना बोट जाताना दिसली. हाका मारल्या असतील. मला नाही ऐकू आल्या, कुराणाची शपथ, साखळीच ऐकू आली फक्त.

तिथं पोलिसांचा साहेब आला. त्यानं मला विचारलं, रवीनं कुणालाच सांगितलं नव्हतं? मी म्हटलं, नो. तसं लिहिलं गेलं — पाहुणा कुणाला न सांगता गेला. तुझी मम्मी पाच वर्षं त्यांच्यावरच चिडलेली आहे ना? सांगून का गेले नाहीत, पोरीचा विचार केला नाही, म्हणून? मला माहीत आहे. चाळिसाव्याला... तुमच्यात जे असतं त्या दिवशी मी आलो होतो, दारातूनच ऐकलं आणि चपला घालून परत गेलो. तर ते नो. ते पण तसंच, भाषेचं, असं मी सगळ्यांना सांगू शकतो. 'नो, सांगितलं होतं' असं म्हणायचं होतं, अर्धंच तोंडातून निघालं. पण तसं नाही, बेटी. येसची चूक होती. नोची चूक नव्हती. तोवर त्यांचं नो काय असतं ते मला कळलं होतं, चांगलं कळलं होतं.

घरी जाऊन मम्मीला सांग. ते सांगून गेले होते. मला सांगून गेले होते.

पुढच्या आठवड्यात पुण्याला कॉलेजला चाललीस म्हणतेस, मग परत कधी दिसशील, कोण जाणे. एक विचारतो. तुझा माझ्यावर राग नाही ना?

काय म्हणालीस?

येस.

कुठलं येस, बेटी? आपलं की त्यांचं? — नको. नको सांगू. पर्स घे तुझी. टॅक्सी समोरच मिळेल. जा.