साडेनऊ इंचांची पायरी

हॅलो?… हां, बोल चिमे… काय?… अगं आधी नाक पूस, मग बोल. मला नुसतं सूं सूं ऐकू येतंय…

हो, माहितीये. बाबांचा मेसेज. 'आज पाच वाजता गाडी जाणार.' मलाही आला. मी त्याच घरात वरच्या मजल्यावर बसलोय, तरी मेसेजनंच आला…

नाही अडवलं… अगं ऐक ना… मी कसला दगड? तुझ्यापेक्षा जास्त वर्षं धुतलीये मी ती गाडी. माझीही सावत्र आईच आहे की ती… हो ना, आईनंच सुरू केलं. 'ही गाडी नाही, माझी सवत आहे.' मग आपण काय म्हणणार? लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, आणि चिखलात घाला नाहीतर डोंगरावर, पेल्यातलं पाणी हलायचं नाही… हां, तू ओकलीस ते वेगळं. पोट तुझं हललं, गाडी नाही.

आणि मागची डावी सीट आठवते का? खोटं बोलणाऱ्याला छपरातून बाहेर फेकते, असं सांगितलं होतं मी तुला… दोन महिने बसली नव्हतीस तिथे. म्हणजे काहीतरी खाल्लंच होतंस ना चोरून… बरं, राहिलं.

कोण? तो घेणारा कर्नल?… हो, महाबिलंदर माणूस आहे… बोलायचंय तुला त्याच्याशी? नंबर हवाय?… कशाला नंबर? बोलतेच आहेस.

…चिमे?… आहेस का?…

अगं मीच तो. मीच कर्नल. ऐक, ऐक… 'ह्म्म्. कर्नल बोलतोय. गाडीचा एकही बोल्ट बदललेला नाही ना?'… असा. हनुवटी छातीला टेकवायची, प्रत्येक वाक्याआधी खाकरायचं. महिना झाला, घसा बसलाय… हो, बाबांनाच. रोज पावणेसहाला. आईच्या जुन्या बटणवाल्या फोनवरून, नवं कार्ड टाकून… लाज कसली? वयाचं काय? पन्नाशीत नाही करायचं तर कधी करायचं?

शिव्या दे, पण भराभर दे, वेळ कमी आहे.

कशासाठी म्हणजे? अगं त्यांनी विकायला काढली ना, तेव्हा पहिला कोण आला माहितीये? हॉटेलवाला. दारात उभी करणार होता. इंजिन काढून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार होता… हो, फुलझाडं. आणि बाबा त्याला हो म्हणायच्या बेतात. मी समजावलं असतं तर ऐकलं असतं का? मग कर्नलनं फोन केला आणि आधी शब्द मागून घेतला. एकदा शब्द दिला की आपला म्हातारा हलत नाही. हॉटेलवाला गेला कुंड्या घेऊन.

आता मला सांग, तुला काय कारण सांगितलं होतं विकण्याचं?… डोळे? हे घे. मला सांगितलं, पेट्रोल फार पिते. आईला सांगितलं, सुटे भाग मिळत नाहीत. तिघांना तीन. आणि एका सकाळी मी इथेच गॅलरीत दात घासत उभा होतो. बाबा खाली आले, इकडेतिकडे बघितलं, दार उघडलं. डावा पाय उचलला… नाही गेला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तेवढा वर जातच नाही. परत उचलला. मग खिशातून रुमाल काढला आणि आरसा पुसायला लागले. जसं काही त्यासाठीच आले होते.

हं… हो… मलाही तसंच झालं. तोंडात फेस तसाच.

नाही, विचारलं नाही. मुलाला सांगतील का ते? कर्नलला सांगितलं. आठव्या का नवव्या दिवशी. मी आपलं सहज विचारलं, इतका जीव लावलेली गाडी देताय कशाला. तर आधी पेट्रोलचं कारण पुढे केलं. मग म्हणाले, "पाय वर जात नाही हो, कर्नल. मुलाला सांगितलं तर तो काखेत हात घालून चढवेल. पोतं चढवतात तसं. आपल्याच गाडीत आपण पोत्यासारखं चढू नये."

…हां. मी खाकरायचंही विसरलो.

अगं मग काय, डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी कर्नल म्हणाला, आमच्या मंडळींचे गुडघे गेलेत, गाडीला पायरी बसवली तर तुमची हरकत नाही ना? ओरडतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. ज्या माणसानं मला काचेवर स्टिकर लावू दिला नाही, तो पायरी बसवू देईल? आणि चिमे, काय सांगू, माणूस खुलला. म्हणाले लोखंडी नको, घसरते. वर रबर लावा. साडेनऊ इंचांच्या वर नको, एकदम साडेनऊ. धरायला दांडी हवी, ती काचेजवळच्या खांबाला, उजव्या हाताला येईल अशी. मध्येच फोन बाजूला ठेवून मोजायची टेप आणायला गेले. मी इकडे सगळं लिहून घेतोय…

गाडी? ती तीन आठवडे ढब्बूच्या गॅरेजात. आपला ढब्बू, शाळेतला. 'कर्नलचा मेकॅनिक तपासणार' म्हणून नेली… अगं नुसती पायरी नाही. आता दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते. आणि जुन्या स्प्रिंगा काढून हवेच्या पिशव्या बसवल्यात. बटण दाबलं की फुस्स करून खाली बसते, म्हैस बसते ना, तशी. आत शिरलं की परत उभी…

हो, तीच तर भीती आहे. 'माझ्या गाडीचा स्क्रू कुणी बदलला' म्हणून भडकले, तर त्या हॉटेलवाल्याला हाक मारून बोलावतील. म्हणून काही टाकलेलं नाही. जुन्या स्प्रिंगा तेलाच्या फडक्यात, एकेक बोल्ट डब्यात, प्रत्येकाला चिठ्ठी. मनात आलं तर दोन दिवसांत होती तशी. पण एकदा बसू देत गं. एकदा बसले ना, की मग…

नाही, पाच नाही वाजले. ते हॉलमधलं घड्याळ… हो, अजूनही सात मिनिटं पुढेच. घरातले वेळेवर निघावेत म्हणून. ते ठोके देतंय तीस वर्षं, घरातले काही हलत नाहीत. वरपर्यंत ऐकू येतं, सगळ्या फोनमध्ये घुसतं… तुला तिकडे ऐकू आलं?… बघ.

थांब. आली. आली गं. ढब्बूनं फाटकातून आत घेतली… काय चमकतेय. फाटक लावून निघाला बघ, लबाड, मार खायला मला एकट्याला ठेवून…

बाबा बाहेर आलेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय. हातात कागदांची फाइल. कर्नलसाठी… आई मागे आहे, तोंड असं केलंय जसं काही माहीतच नाही. तिला सगळं माहितीये, तीच तर रोज बाबांना वेळेवर हॉलमध्ये आणून बसवायची…

भोवती फेरी मारतायत. टायरला हात लावला… आता दार. दार उघडलं… पायरी आली.

नुसते बघतायत.

काही नाही गं, उभे आहेत. फाइल काखेत. वाकले… पायरीच्या रबरावर बोट फिरवलं… ओरडले नाहीत अजून… आई काहीतरी बोलली. कुठलं तरी बटण दाखवतेय. अगं ही बाई… फुस्स. बसली गाडी… चिमे, आई हसतेय. सवतीला बसवलं म्हणून हसतेय…

बाबांनी दांडी धरली. उजवा हात. पाय… चिमे, गप्प बस जरा…

आत आहेत. एका झटक्यात. कुणाचा हात नाही, काही नाही. स्टिअरिंगमागे जाऊन बसलेसुद्धा… मी नाही रडत. गॅलरीत धूळ आहे… आई दुसऱ्या बाजूनं चढतेय, पदर खोचून… इंजिन. ऐकू येतंय? फोन बाहेर धरतो… आलं?… हां.

थांब, थांब. दुसरा फोन वाजतोय. कर्नलचा. बाबाच आहेत. गाडीतून करतायत. तू ऐक, पण आवाज नको.

ह्म्म्. कर्नल बोलतोय… हो साहेब, निघालोच होतो… काय म्हणता, व्यवहार रद्द? अहो पण शब्द दिला होतात… हो… मला काय विचारायचंय?… घड्याळ?… हो, आमच्याकडेही आहे, ठोक्याचं… किती पुढे?… सात…

…हो, बाबा.

…पहिल्या दिवसापासून?

…हो. साडेनऊच आहे. टेप लावून बघितलं मी… नाही, काही टाकलं नाही, डब्यात आहे सगळं… बरं… हो… येतो.

चिमे… आहेस?… ऐकलंस ना. पहिल्याच दिवशी खाली हॉलमध्ये सहाचे ठोके पडले आणि कर्नलकडेही पडले. त्यांच्या घरात आणि कर्नलच्या घरात, दोन्हीकडे सात मिनिटं पुढे. मी वर दार लावून बसलोय शहाण्यासारखा… म्हणजे महिनाभर तेच माझी गंमत बघत होते. ती दांडी, ते रबर, मला वाटलं मी त्यांच्याकडून काढून घेतोय. अगं, ऑर्डर देत होते ते… आणि ते पोत्याचं. ते मलाच सांगत होते गं.

…हं. हो, बरोबर. फोनवर कर्नलला सांगणं सोपं पडलं असेल.

चल, ठेवतो. हॉर्न देतायत. 'फाटक उघडायला ये' म्हणाले… हो, मलाही नेतायत. पुढे आई बसलीये. मागे बस म्हणाले. उजवीकडे नाही… डावीकडे. म्हणाले, कर्नलसाहेबांना त्याच सीटवर बसव, बघू फेकते का.