देव्हाऱ्यातला भंडारा

कोल्हापूर स्टँडवर नेसरी गाडीच्या रांगेत माझ्यामागं बयाबाई आणि त्यांच्या गावचा सुतार शमशुद्दीन उभे होते.

“शमशू, आमच्या देव्हाऱ्यातनं आपोआप भंडारा पडतोय! पिवळाधमक!”

“फणसाचं पिवळं लाकूड हाय ते, आक्का. वाळवी असती तर माती दिसली असती. ह्यो भुंगेरा. त्येची अळी लाकूड पोखरती, मग पंख फुटलं की भोक पाडून भायेर येती.”

“म्हंजे भंडारा अळीनं खाल्लेला?”

“खाऊन हगलेला.”

“आगं बया! थोरल्या सुनंला रोज दुधातनं पाजला की मी!”

“या अल्ला! मग?”

“मग काय? एवढ्या वर्सांनी दिवस गेलं की तिला!”

“बरं. उद्या येतो, भोकात राकेल वततो. सगळं किडं खलास.”

“हात तर लावून बघ देव्हाऱ्याला! धाकटी अजून ऱ्हायलीया.”